खांद्याची बातमी

गोलकीपरचं निम्मं काम संशय घेण्याचं असतं. समोरची पोरगी डावीकडे बघत असली की ती उजवीकडे मारणार, असं धरूनच मी उभी राहते. ती बुटाची लेस बांधायला वाकते, पाय मुरगळल्यासारखं करते, पंचांशी वाद घालते, त्यातलं काहीच मी खरं मानत नाही. बारा वर्षं असं उभं राहिल्यावर मैदानाबाहेरही माणूस सरळ राहत नाही. दूधवाला हसून ‘काय ताई’ म्हणाला तरी मी आधी पातेल्यात बघते.

मी फ्लॉसी घोन्साल्विस. घर गिरीजला, केळीच्या वाडीत. वय तीस. वसईच्या किनारा एफसी या महिला संघाचा गोल मी पाच वर्षं सांभाळते आहे. आम्ही लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो. म्हणजे टीव्हीवर दिसत नाही, पण करार असतो, पगार असतो, आणि दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ठेवलेल्या खेळाडूंची यादी लागते. नाव नसलं तर कोणी फोनही करत नाही. यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि ज्यांची नावं नाहीत त्यांना पाच मिनिटांनी ग्रुपमधून काढलं जातं.

यंदा आठ संघांत आम्ही सहावे आलो. एप्रिलमध्ये आमच्या कोच मार्था मॅडमना काढलं. त्यांच्या जागी कोल्हापूरचे सुधाकर इंगवले सर आले, आणि येताना संघ नव्याने बांधायचा म्हणून सांगत आले. नव्याने बांधायचा म्हणजे जुन्यांना घरी पाठवायचं, हे कळायला मला कोणाच्या समजावण्याची गरज नव्हती. विरारची ॲनिशा नावाची गोलकीपर चाचणीला येऊन गेली होती. वय एकोणीस, आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच.

त्यात माझा खांदा. मार्चमध्ये शेवटून दुसऱ्या सामन्यात मी उजवीकडे झेपावले आणि खांद्यावर पडले. सामना पूर्ण केला, पुढचाही गोळ्या खाऊन खेळले. क्लबच्या डॉक्टरकडे गेलेच नाही. मुंबईत लांबच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन नको, दोन महिने व्यायाम करा, बरा होईल. पण दोन महिने म्हणजे नेमके यादीपर्यंतचे दोन महिने. खांदा दुखावलेली तीस वर्षांची गोलकीपर कोण ठेवतो? आणि इथून सुटले तर दुसरा क्लब मला दारात उभं करणार नव्हता. म्हणून मी तोंड शिवून घेतलं.

दोघींनाच माहीत होतं. एक माझी आई, सालोमी, कारण रात्री मी कुशीवर वळले की तिला ऐकू जायचं. दुसरी उन्नती.

उन्नती सावंत आमची कॅप्टन. मूळची कणकवलीकडची, आता गोखिवऱ्याला आईवडिलांबरोबर फ्लॅटमध्ये राहते. मधल्या फळीत खेळते आणि मैदानावर माझ्याइतकीच ओरडते. पाच वर्षं आम्ही बाहेरगावी एकाच खोलीत राहिलो. खांदा दुखावल्यापासून माझी किटबॅग तिच्याच घरी असायची. सकाळी ती तिच्या स्कूटरवर बॅग घेऊन यायची आणि माझ्या पायाशी ठेवायची, म्हणजे मी ती डाव्या हाताने उचलताना कोणाला दिसायला नको. मी तिला असं कर म्हणून सांगितलंही नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मला क्लबच्या ऑफिसात बोलावलं. ऑफिस गोखिवऱ्याला, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वर आहे. आत सुधाकर सर होते आणि आमचे मॅनेजर केनी आल्मेडा. केनी अंकल गिरीजचेच, आमच्या घरापासून चार वाड्या सोडून राहतात.

सरांनी खुर्ची दाखवली, चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

“काय म्हणतोय मग उजवा खांदा?”

‘तब्येत कशी आहे’ नाही, ‘कुठे दुखतं का’ नाही. उजवा खांदा.

“काही नाही सर. मस्त आहे.”

“आमच्या कानावर वेगळं आलंय की.”

“कोणाकडून?”

“ते असू दे. पंधरा तारखेनंतर मेडिकल घेऊ, मग बघू. खरं असंल ते सांगितलेलं बरं असतंय बघ.”

मी केनी अंकलकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. एरवी गप्प बसायचे पैसे दिले तरी गप्प न बसणारा माणूस पंख्याची पाती मोजत बसला होता. म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं, आणि कोणी ते ह्यांना माहीत होतं.

घरी गेले तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत होती. आईचं बोलणं मी इथे सरळ करून लिहिते, नाहीतर आमची बोली वसईबाहेर कोणाला कळायची नाही.

“आई, माझ्या खांद्याचं कोणाला बोललीस?”

“मी? मी कोणाला बोलू?”

“फुलवाल्या मावशीला? महिला मंडळात?”

“तू नको म्हणालीस ना? मग देवाला सोडून मी कोणाला सांगत नाही,” ती म्हणाली आणि दुखावल्यासारखी लसणाकडे वळली.

आईला खोटं बोलता येत नाही. तिचे कान लाल होतात. मी कान पाहिले, लाल नव्हते. आई सुटली. मग उरलं कोण?

खरं सांगते, त्या दिवशी मी उन्नतीचं नाव मनात येऊ दिलं नाही. आधी मार्था मॅडमवर संशय घेऊन पाहिला. पण त्यांना तर मी काहीच कळू दिलं नव्हतं, आणि काढून टाकलेली बाई नव्या कोचला कशाला मदत करेल? मग ॲनिशावर घेतला. तिने चाचणीच्या वेळी मला गोलकिक मारताना पाहिलं असेल. पण गोलकिक पायाने मारतात. संशयाला कुठेतरी बसायला जागा लागते, आणि फिरून फिरून तो एकाच दारात येऊन उभा राहत होता.

त्यात एलिनाचा फोन आला. एलिना आमची लेफ्ट बॅक. तिचा भाऊ कामणला आमच्या शेठच्या गोदामात कामाला आहे. क्लबचे मालक जितेंद्र शेठ, त्यांची गोदामं तिकडे आहेत.

“फ्लॉसी, तुला एक सांगू? कोणाला बोलू नको हं. मार्था मॅडमना काढलं ना, त्याच्या आदल्या दिवशी उन्नती कामणला आली होती. एक तास शेठच्या केबिनमध्ये होती म्हणे.”

“कशाला?”

“ते काय माहीत. पण मला तरी काय वाटतं, नव्या कोचबरोबर कोणाकोणाला ठेवायचं ते आधीच ठरलंय.”

मी ‘असं कसं’ म्हणाले आणि फोन ठेवला. उन्नतीने मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. आम्ही रोज बोलत होतो. ती काय जेवली ते तिने सांगितलं, चुलतबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो पाठवले, आणि कामणला जाऊन आले हे मात्र विसरली!

मग मी लक्ष ठेवू लागले. ती माझ्यासमोर फोन पालथा ठेवते, हे मला आत्ता दिसलं. कदाचित ती पाच वर्षं तसाच ठेवत असेल. एकदा मी ऑफिसखालून जात होते तर तिची स्कूटर बादल्यांच्या गाळ्यासमोर उभी होती. मी रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसून राहिले. ती पंचवीस मिनिटांनी उतरली, हेल्मेट घातलं, आणि इकडेतिकडे बघून निघाली. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं केलं, “आज काय केलंस?”

“काही नाही गं. घरीच.”

घरीच! मी विषय बदलला. गोलकीपर आधी हलत नाही. समोरच्याने मारल्यावर हलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला तिने नेहमीप्रमाणे बॅग आणून माझ्या पायाशी ठेवली आणि विचारलं, “मेडिकल कधी आहे तुझं?”

मेडिकलबद्दल मी तिला सांगितलंच नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त त्या खोलीत बोललं गेलं होतं.

“सोळाला,” मी म्हणाले.

“घाबरू नको. व्यायाम करतेयस ना? होईल नीट.”

ती हसली. मी पण हसले. त्या क्षणी माझ्या मनातला निकाल लागला. पाच वर्षं एका खोलीत झोपलेल्या मुलीने आपली कॅप्टनशिप टिकवायला माझा खांदा विकला, असं मी ठरवलं. तिला विचारावं असं एकदाही वाटलं नाही. विचारलं असतं तर ती काहीतरी छान उत्तर देईल आणि मी विरघळेन, याचीच मला जास्त भीती होती.

सोळा तारखेला मेडिकल झालं. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागे ओढला, दाबून पाहिला. खांदा जवळजवळ बरा झाला होता. बाहेर सुधाकर सर थांबले होते. खूश दिसले.

“चांगलं झालं. तू ठीक असशील तर मला दुसरी गोलकीपर पहिल्या नंबरला घ्यायची नाही. ॲनिशा अजून कच्ची हाय. बस जरा, एक विचारायचंय. मला हा संघ दोन वर्षांसाठी बांधायचाय. उन्नतीला कॅप्टन ठेवून दोन वर्षांचा करार द्यावा म्हणतोय. तू तिला जवळून ओळखतीस. काय वाटतं?”

माझ्यापुढे कोणीतरी चेंडू आणून ठेवला होता, आणि गोल मोकळा होता.

उन्नतीची एक गोष्ट मला माहीत होती. तिने क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीसाठी अर्ज केला होता. निवड झाली तर जानेवारीत हजर व्हावं लागणार होतं, म्हणजे ऐन हंगामात. निवड होईलच असं नव्हतं. मागच्या वेळी नाव शेवटच्या टप्प्यात गळालं होतं. हे तिने मला एका रात्री गाडीत सांगितलं होतं आणि म्हणाली होती, तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, क्लबला कळलं तर आत्ताच काढतील.

“खेळाडू म्हणून प्रश्नच नाही सर,” मी म्हणाले. मग थोडी थांबले. हे थांबणंही मी मुद्दाम केलं. “फक्त ती पूर्ण सीझन असेल का, तेवढं विचारून घ्या. जानेवारीत नोकरीला जाणार आहे ना ती. सरकारी.”

सरांचा चेहरा बदलला. “हे ती बोलली नाही.”

“मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

रिक्षात बसले तेव्हा मला बरं वाटलं. लपवून काय उपयोग? गिरीजपर्यंत मला अगदी हलकं, स्वच्छ वाटत होतं. फिट्टंफाट झाली होती.

तीस तारखेला दुपारी यादी आली. चौदा जुनी नावं. दुसऱ्या नंबरवर मी. खाली नवी नावं, त्यात मधल्या फळीत गोव्याची एक मुलगी. उन्नती सावंत नव्हती. पाच मिनिटांनी ग्रुपवर तिचं नाव काढल्याची ओळ आली. कॅप्टन असली म्हणून सहावं मिनिट मिळालं नाही.

मी फोन हातात धरून बसले होते तेवढ्यात तिचाच फोन आला.

“अभिनंदन गं,” ती म्हणाली. आवाज बसलेला होता. “मी म्हटलं होतं ना, होईल नीट.”

“तुझं काय झालं?”

“काय माहीत. सरांनी चार दिवसांपूर्वी नोकरीचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं तेच कळत नाही. अर्ज केलेल्यांची यादी कुठे बघितली असेल.”

“असेल,” मी म्हणाले. “आजकाल सगळं नेटवर असतं.”

“बाबा जेवले नाहीत अजून. बरं, बॅग तुझी इथेच आहे, आणून देईन.”

तिला माझा संशयसुद्धा आला नाही. ते मला तेव्हा तिचं नाटक वाटलं.

रविवारी सकाळी आईने मला साडेपाचला उठवलं. चर्चमध्ये सातच्या मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला, चल म्हणाली. मी सहसा संध्याकाळी जाते, तेही जमलं तर. सकाळी माझा सराव असतो, नाहीतर झोप. पण करार मिळाला होता, तिला नाही कशी म्हणू? नवा ड्रेस घालून गेले. पुढच्या बाकावर केनी अंकल बायकोबरोबर बसले होते.

आमच्याकडे कोणाच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी, मेलेल्या माणसाच्या शांतीसाठी मिस्सा ठेवतात. चर्चच्या ऑफिसात नाव आणि हेतू लिहून द्यायचा, आणि मिस्सा सुरू होताना फादर ते सगळ्या गावासमोर वाचून दाखवतात. त्या दिवशीही फादरनी कागद हातात घेतला. पास्कल डाबरे यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी. एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त. आणि मग माईकवरून, शांतपणे, एकेक शब्द सुटा करत:

“फ्लॉसी घोन्साल्विस हिचा उजवा खांदा बरा झाला आणि तिला फुटबॉलचा करार मिळाला, त्याबद्दल आभार मानण्यासाठी. आई सालोमी.”

केनी अंकल मागे वळून माझ्याकडे बघून हसले. आईने माझा हात दाबला. पुढे काय झालं मला आठवत नाही. सगळे उभे राहिले की मी उभी राहत होते.

बाहेर आल्यावर मी आईला बाजूला भिंतीपाशी नेलं.

“तू आधीही ठेवली होतीस? खांद्यासाठी?”

“एप्रिलमध्ये. लागोपाठ तीन रविवार.” ती अभिमानाने म्हणाली.

“आई, मी तुला विचारलं होतं, कोणाला बोललीस का!”

“मग कोणाला बोलले? देवालाच सांगितलं ना?”

“फादरनी माईकवर वाचलं असेल! उजवा खांदा म्हणून!”

“मग? सगळ्या गावाने प्रार्थना केली. झाला की नाही बरा?”

तेवढ्यात केनी अंकल आले. मोकळे झालेले दिसत होते.

“फ्लॉसी, अगं, माझ्या जिवाला घोर लागला होता. तीन रविवार कानावर पडतंय म्हटल्यावर सरांना न सांगून कसं चालेल? नोकरी आहे माझी. तुझ्यासमोर तोंड वर करवेना बघ मला.”

“म्हणजे उन्नतीने सांगितलं नाही?” मी विचारलं.

“ती? तिला तर सरांनी मुद्दाम ऑफिसात बोलावून विचारलं. कॅप्टन ना ती. मेडिकल घेणार आहोत, खरं काय ते सांग म्हणाले. अर्धा तास विचारत होते. ती एकच बोलली: मला काही माहीत नाही, तिलाच विचारा. आणि जाताना मला म्हणाली, फ्लॉसीला हे सांगू नका, ती उगाच घाबरेल.”

अर्धा तास. मी रसवंतीत बसून पंचवीस मिनिटं मोजली होती.

आई विचारत होती की उन्नतीचं नाव का गेलं, बिचारीसाठीही एक मिस्सा ठेवू या, ऑफिस उघडंच आहे. “हेतू काय लिहू गं?” ती म्हणाली. मी तिला तिथेच सोडलं आणि रिक्षा पकडली.

गोखिवऱ्याला तिसऱ्या मजल्यावर उन्नतीने दार उघडलं. माझा नवा ड्रेस बघून तिला वाटलं मी पेढे घेऊन आलेय. तिने आत ये म्हटलं. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रसवंती सांगितली, मेडिकल सांगितलं, सरांसमोर मुद्दाम थांबले तेही सांगितलं. मधे श्वास घेतला असता तर उरलेलं सांगता आलं नसतं. आत तिच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. मैदानावर साध्या चुकीच्या पाससाठी माझं डोकं खाणारी मुलगी दाराची कडी धरून उभी होती.

“संशय आला त्या दिवशी विचारायचंस ना, फ्लॉसी,” ती म्हणाली. “मी रोज तुझ्यासमोर येत होते.”

“सरांना जाऊन सांगते मी. तुझा काही...”

“काय सांगशील? खरंच तर सांगितलंस तू.”

कामणला ती शेठकडे कशाला गेली होती, हे मी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही. विचारायचा हक्क मी कुठे ठेवला होता?

ती आत गेली. कपाटावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती माझी किटबॅग घेऊन आली. ग्लोव्ह्ज धुऊन वर बांधले होते. पहिल्यांदाच ती बॅग माझ्या पायाशी न ठेवता तिने आपल्या बाजूला, उंबऱ्याच्या आत ठेवली, आणि एक पाऊल मागे सरकली.

“आता बरा आहे ना खांदा?” ती म्हणाली. “मग उचल.”

मी वाकले आणि उजव्या हाताने उचलली. काहीच दुखलं नाही.